सेतूची मतं

सेतू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलीच होते. शनिवार होता. आदल्या दिवशी त्यानं सांगून ठेवलं होतं की उद्या कोरियन नको, कुठलासा नवा हिंदी पोलिसांचा सिनेमा आलाय तो पाहू. मी म्हटलं, तुझा तू पाहा, माझं डोकं फिरलेलं नाही. सकाळी सातला त्याच्या मुलीचा, वसुधाचा, फोन. "आत्या, अप्पा उठले नाहीत..." एवढं म्हणाली, मग तिला पुढची मराठी सुचेना आणि ती तमिळमध्ये रडायला लागली. पायात चपला घालताना माझ्या डोक्यात एकच चाललेलं, की कसला घाणेरडा सिनेमा असता तरी बघितला असता मी. तीन तास काय, सहा तास बघितला असता.

सेतू माझा मावसभाऊ. चार महिन्यांनी मोठा, पण मी त्याला कधी अण्णा म्हटलं नाही. तंजावुरात राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं, हाकेच्या अंतरावर. तो विम्याच्या ऑफिसातून रिटायर झाला, मी शाळेत गणित शिकवून. मधली अठरा वर्षं नवऱ्याच्या नोकरीपायी मी नागपुरात काढली आणि तिथं माझी देवनागरी पक्की झाली, म्हणून हे लिहू शकते आहे. सेतू मराठी बोलायचा, आमची जुन्या वळणाची तंजावुरी, पण वाचता त्याला एक अक्षर येत नव्हतं. इथं फारसं कुणालाच येत नाही. म्हणजे हा लेख त्याच्या गल्लीत कुणी वाचणार नाही. बरंच आहे. मला मोकळेपणानं बोलायचंय.

वहिनी गेल्यापासून आमचा शनिवार ठरून गेला होता. दुपारी अडीचला त्याच्या हॉलमध्ये सिनेमा. आमचे हे एकदा आले, पंधराव्या मिनिटाला घोरायला लागले, तेव्हापासून त्यांना कुणी बोलावलं नाही. सिनेमा संपला की आम्ही दोघं बाहेर पडायचो. देवाचा रथ गावातल्या ज्या चार राजवीथ्यांमधून फिरतो, त्याच चार रस्त्यांना आमची एक फेरी. नियम सेतूचे. पहिल्या वीथीत कुणी बोलायचं नाही. दुसऱ्या वीथीत मी बोलायचं. तिसरीत तो बोलणार, आणि चौथीत भांडण. भांडण मिटलं नाही तर कोपऱ्यावर कॉफी, मिटलं तरी कॉफी. "नेहमी मीच का रे आधी?" असं मी एकदा विचारलं तर साळसूदपणे म्हणाला, "लेडीज फर्स्ट, कमळे." मीही शेफारले. सगळा जन्म वर्गात बोलण्यात गेला होता, पण तिथं ऐकणारी मुलं घंटेकडे कान लावून बसलेली. हा माणूस रस्त्यात थांबून ऐकायचा. रिक्षावाला हॉर्न वाजवून कंटाळायचा, तरी हा हलायचा नाही.

आणि मी काय काय बोलायची! हिंदी सिनेमात ताट रिकामं होत नाही, हे माझं लाडकं मत. आई वाढते, मुलगा पहिला घास उचलतो, तेवढ्यात कुणाला तरी काहीतरी आठवतं, संवाद सुरू होतात आणि ताट तसंच राहतं. कोरियन सिनेमात माणूस खरंच जेवतो. तोंड भाजेपर्यंत जेवतो, वाटी चाटतो, आणि मग कुणाला तरी मारायला जातो. एका जपानी सिनेमात एक म्हातारी पूर्ण चार मिनिटं मुळा किसते. सेतू म्हणाला, कापायला हवं होतं. मी म्हटलं, मुळा कापला तर किसणार काय? त्या चार मिनिटांत ती मुलाला माफ करते, तुला दिसलं नाही? इराणी सिनेमात दार वाजलं की मी पुढं सरकून बसते, कारण तिथं दाराबाहेर जग असतं. नव्या हिंदीत दाराबाहेर ड्रोन असतो. हीरो गावी परततो तेव्हा आधी आकाशातून गाव दिसतं, गिधाडानं बघावं तसं. आणि रडायचं कधी हे आपल्याला व्हायोलिन सांगणार. अरे, मला कळतं की कधी रडायचं ते! मी काय दुधखुळी आहे?

सेतू नेमकं उलटं बोलायचा. "असें कसें म्हणतेस? हिंदीत जीव आहे. तुझे ते जपानी नुसते बसतात." मग मी चवताळायची आणि दहा दाखले द्यायची. हा आणखी काडी घालायचा. "सरि, बरें, पण तो थायलंडचा? त्यांत काय आहे?" की मी पुन्हा सुरू. घरी पोचेपर्यंत माझा घसा बसलेला असायचा आणि मन इतकं हलकं... मला वाटायचं, या वयात असं भांडायला माणूस मिळणं हे केवढं भाग्य.

तेराव्याला जेवणाची पंगत बसली होती. पानावर पायसम आलं, तेवढ्यात तिरुच्चीहून तिघं आली. कॉलेजात शिकवणारी, तमिळमध्ये सिनेमाचं एक छोटं मासिक चालवणारी. त्यांनी फोटोला हार घातला, वसुधाला भेटली, आणि त्यांच्यातली माझ्या शेजारच्या पानावर बसलेली बाई डोळे पुसत मला म्हणाली, सरांसारखं कुणी लिहिलं नाही. नऊ वर्षं दर महिन्याला लेख. मी म्हटलं, कोण सर? ती म्हणाली, "सेतू सरच. हिंदी सिनेमात ताट कधी रिकामं होत नाही, हे त्यांचं वाक्य तर आम्ही वर्गात शिकवतो."

माझा हात पानावरच राहिला. मी विचारलं, सदराचं नाव काय? म्हणाली, "नालु वीदि." चार वीथ्या.

वसुधाकडे सगळे अंक होते, एका फायलीत ओळीनं लावलेले. मी घरी नेले आणि चार दिवस वाचत बसले. तमिळ मी फडफडा वाचते. मला फक्त कुणी दाखवलं नव्हतं; वसुधाला वाटत होतं, मला ठाऊक असणारच. मुळा किसणारी म्हातारी होती. दार होतं, ड्रोन होता, गिधाड होतं. व्हायोलिनचं वाक्य तर जसंच्या तसं, फक्त 'दुधखुळी'च्या जागी तमिळ शब्द. आणि चौथ्या वीथीतली भांडणं? तीही होती. 'काही लोक म्हणतात की जपानी सिनेमातली माणसं नुसती बसतात,' असं म्हणून त्यानं स्वतःचंच बोलणं त्या 'काही लोकां'च्या तोंडी घातलं होतं आणि खाली उत्तर माझं दिलं होतं. म्हणजे मी भांडत होते तेव्हा हा टिपणं काढत होता. काडी घालत होता ती लेख अपुरा पडू नये म्हणून! पुन्हा पुन्हा वाचून मी शोधलं की कुठंतरी 'माझी बहीण म्हणते', 'एक मैत्रीण म्हणाली' असं अर्धं वाक्य असेल. नऊ वर्षांत एकदाही नाही. चोर मेला. आणि त्या चोराचं तेरावं मी उभं राहून केलं, वडे कुरकुरीत झाले की नाही ते बघितलं.

या फसवणुकीत मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की ती करायला किती सोपी होती. मी मराठीत बोलायची, रस्त्यावर, वाऱ्यावर. मराठीत बोललेलं इथं कागदावर येत नाही, ही आमच्या सगळ्यांचीच सवय. आम्ही घरात मराठी आणि कागदावर तमिळ किंवा इंग्रजी. त्यानं फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत सामान हलवावं तसं माझं बोलणं हलवलं. मी कुणाला काय दाखवणार होते?

परवा वसुधा आली. ती तमिळमध्ये विचारते, मी मराठीत उत्तर देते, असंच आमचं चालतं. म्हणाली, मासिकवाले अप्पांच्या लेखांचं पुस्तक काढतायत, प्रस्तावना तुम्ही लिहा. "अप्पांना तुमच्याएवढं कोण ओळखतं?" मी हो म्हणून प्रस्तावना लिहून टाकली असती तर विषय संपला असता. पण पुस्तक म्हणजे कायमचं. उद्या माझ्या नातीनं ते वाचलं तर तिला वाटेल, सेतूआजोबांना किती कळायचं... मी म्हटलं, "वसुधा, ती मतं माझी आहेत." ती आधी हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, अप्पा आता उत्तर द्यायला नाहीत." बरोबर होतं तिचं. पोरीनं बापाच्या बाजूनं नाही बोलायचं तर कुणाच्या? दोघं बरोबर सिनेमा पाहायचात, दोघांची मतं जुळली असतील, असंही म्हणाली. मला इतकी लाज वाटली. मेलेल्या भावाच्या पुस्तकावर हक्क सांगायला बसलेली हावरट म्हातारी दिसत असेन मी तिला.

फाईल परत द्यायला म्हणून मी तिच्या मागोमाग तिच्या घरी गेले. सेतूच्या हॉलमध्ये बसून ती अंक वर्षांप्रमाणे लावत होती, पुस्तकासाठी. एका अंकाशी थांबली. "हे काय? एवढंच?" त्या महिन्याच्या सदरात एकच ओळ होती: या महिन्यात पाहण्यासारखं काही आलं नाही. वाचताना मीही ती ओळ पाहिली होती, पण रागाच्या भरात पुढं गेले होते. वसुधानं महिना पाहिला. मग मला विचारलं, "तेव्हा तुम्ही कुठं होता, आत्या?"

"सिंगापुरात. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला."

तिनं शोधून दुसरा तसा अंक काढला. तीच ओळ. "आणि तेव्हा?"

"दुसऱ्या बाळंतपणाला."

तिसरा तिनं काढला, पण तो महिना तिला माझ्याकडून ऐकावा लागला नाही. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि रोज डब्यात रसम घेऊन तीच माझ्याकडे येत होती. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग चक्क मराठीत बोलली, अडखळत. "त्या महिन्यांत अप्पा रोज सिनेमा पाहत होते, आत्या. मीच लावून देत होतें. पाहायचे... कागद घेऊन बसायचे... आणि मग उठून जायचे."

"पुस्तकावर नाव कुणाचं घालूं?" तिनं विचारलं.

"माझं," मी म्हटलं. एवढं म्हणायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आणि इतक्या दिवसांत न आलेलं रडू मग त्या हॉलमध्ये, तिच्यादेखत आलं. कोरा कागद घेऊन बसलेला सेतू मला दिसत होता. मी फोनवर होते की रे, सिंगापुरातही होते. अमुक सिनेमा पाहिला, तू काय म्हणतेस, मला लिहायचंय, एवढं एकदा विचारायचं होतंस. मी हो म्हटलं असतं. नावही तुझंच राहू दिलं असतं.