राम घाटावर लावलेला मामाचा बॅनर

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसमध्ये एका हॉस्पिटलसाठी बाण काढत होते. एक्स-रे डावीकडे, लॅब सरळ, असले.

"मधुमामा हरवलाय," आई म्हणाली. "उज्जैनला, राम घाटावर. आंघोळीनंतर मामी ओले कपडे बदलायला गेली, तेवढ्यात हा उठून कुठेतरी गेला. कालपासून पत्ता नाही."

मामाला वर्षभरापासून विसरायला होत होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. इतकं होत असेल हे कोणाच्या डोक्यात नव्हतं.

"तू जा," आई म्हणाली. "तुला ते बॅनर-बिनर येतं ना."

खरं सांगते, त्या वाक्याने मला बळ आलं. मी कुठेही गेले की देवळाआधी पाट्या बघते, हे ब्लॉग वाचणाऱ्यांना माहीतच आहे. लांबून, घाईत, कोणालाही वाचता येईल अशी पाटी करणं हेच मी शिकलेय. निघाले.

पुण्याहून इंदूरला जाणारी गाडी उज्जैनला थांबते. ऐनवेळी एसी मिळणं अवघड, मी स्लीपरने गेले. स्टेशनबाहेर आलात की जवळच देवास गेट, तिथून नानाखेड्याला, म्हणजे मामाच्या घराकडे, शेअर ई-रिक्षा मिळते. एकट्यासाठी करणार असाल तर भाडं आधी ठरवा. पोहे-जिलबी तिथेच खाऊन घ्या, पोह्यांवर शेव मागून घ्या. मी उभ्याउभ्या खाल्ले आणि समोरचे फ्लेक्स बघत बसले. कोणा नेत्याचा वाढदिवस, त्यात डझनभर चेहरे. लॉज, कोचिंग, दातांचा डॉक्टर. सगळं लाल-पिवळं आणि सगळं ओरडणारं. यात मामा दिसायला हवा तर तो एकदम शांत पाहिजे, हे माझं खातानाच ठरलं.

मामा बँकेच्या नोकरीत साताऱ्याहून इथे आला आणि इथलाच झाला. मामी तर जन्माने उज्जैनची. दार उघडताच तिने माझ्या मागे बघितलं, मी कोणाला सोबत आणलंय का म्हणून. मग म्हणाली, "ये. चाय घेशील ना आधी?"

पोलिसांत तक्रार झाली होती. शेजाऱ्यांनी छोटे कागद छापून चिकटवले होते, त्यावर बारीक अक्षरात आठ ओळी: रंग गेहुँआ, कद मध्यम. जाता-येता कोण वाचणार? मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडला. एक मोठा चेहरा, खाली एकच शब्द 'लापता', खाली मामीचा नंबर. बस. फोटो लग्नातला होता, मागच्या गुलाबी पडद्यात मामाचा चेहरा हरवत होता, म्हणून तो ब्लॅक अँड व्हाइट केला. पांढरी जमीन, काळी अक्षरं आणि आजूबाजूच्या गर्दीतून वेगळा दिसावा म्हणून जाड काळी चौकट.

देवास गेटचा फ्लेक्सवाला स्क्रीनकडे बघून हसला. "मैडम, इतनी जगह ख़ाली छोड़ दी? पैसे तो पूरे कपड़े के लगेंगे!"

"ख़ाली है तभी तो दिखेगा, भैया."

"दिखेगा तो," तो म्हणाला. "एकदम साफ़ दिखेगा."

संध्याकाळपर्यंत बॅनर लागले. एक देवास गेटला, एक नानाखेडा बसस्टँडवर, एक चौकीत विचारून राम घाटावर. (कोणावर अशी वेळ येऊ नये, पण आलीच तर कडेला रिंगा लावून घ्या आणि सुतळीऐवजी तार वापरा, नदीवर वारा फार असतो.) मी घाटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन मागे वळून बघितलं. तिथूनही मामा दिसत होता, 'लापता'सुद्धा वाचता येत होतं. मला इतकं बरं वाटलं की मी त्याचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी आम्ही हॉस्पिटलं आणि धर्मशाळा फिरलो. एकही फोन आला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मामीला घेऊन राम घाटावर गेले. तिने बॅनर तोवर फक्त माझ्या मोबाईलवर बघितला होता. आम्ही पायऱ्या उतरत होतो. आमच्या पुढे ओल्या साडीतली एक बाई बॅनरसमोर थांबली, हात जोडले, कपाळाला लावले आणि पुढे गेली. मला वाटलं, मामा सापडावा म्हणून प्रार्थना केली. किती चांगली माणसं आहेत!

जवळ गेलो तर बॅनरच्या वरच्या तारेला झेंडूची माळ होती. ताजी.

बाजूला फुलं-दिवे विकणारी एक म्हातारी बसली होती. तिने मामीकडे बघून हळूच विचारलं, "आपके आदमी थे, बहन? उठावना हो गया?"

उठावना म्हणजे काय हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी लोक भेटायला जमतात, त्याला इकडे उठावना म्हणतात. त्याच्या सूचना गावभर लागतात. पांढरा कागद, काळी चौकट, मधे एकच फोटो, रंग नसलेला.

"गए नहीं हैं," मामी म्हणाली. "गुम हुए हैं. लिखा तो है."

"मुझे कहाँ पढ़ना आता है," म्हातारी म्हणाली. मग ती उठलीच. "गुम हुए हैं? अरे, मैंने तो इनको देखा है! छोटे पुल के पास बैठे थे दो दिन. मैंने कचौरी भी दी. फिर ये बोर्ड लगा, तो मैंने सोचा, बाबूजी बेचारे चल बसे. माला मैंने ही डाली."

मामीने माळ काढली. देवाची फुलं म्हणून टाकवेना आणि घरी न्यायची तर कशी न्यायची? ती माळ तशीच हातात घेऊन ती पुलाकडे चालायला लागली, जवळजवळ पळतच.

पुलाजवळच्या चहावाल्याने फोटोवरून मामाला लगेच ओळखलं. "हाँ, वो बैंक वाले बाबूजी. सबसे पूछते थे, ब्रांच खुली क्या? कल सुबह महाराष्ट्र के यात्रियों की एक बस रुकी थी. मराठी सुनके एकदम ख़ुश हो गए. बात करते-करते उन्हीं के साथ चढ़ गए. मैं समझा, उनके घर के हैं."

काल सकाळी. माझा बॅनर परवा संध्याकाळी लागला होता.

मामी चहावाल्याच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "मराठी ऐकायला मिळालं ना त्यांना. चांगलं झालं."

त्या दुपारी नवा बॅनर केला, या वेळी मामी शेजारी बसून. रंगीत फोटो, गुलाबी पडद्यासकट. पिवळी जमीन, लाल अक्षरं. माझ्या शिक्षकांनी बघितला असता तर नापास केलं असतं. मामीने अंगावरचे कपडे, वय, सगळं लिहायला लावलं. "रंगात दिसले की जिवंत वाटतात," ती म्हणाली.

पोलिसांनी बसचा शोध घेतला, नंबर कोणालाच आठवत नव्हता. यात्रेच्या बस इथून बहुतेक ओंकारेश्वरला जातात, म्हणून आम्हीही गेलो. नानाखेड्याहून इंदूर, तिथून पुढची बस. सकाळी लवकर निघालात तर दुपारी पोचता. नर्मदा फार सुंदर आहे म्हणतात. मी दोन्ही काठांवर बॅनरसाठी खांब शोधत होते, एवढंच आठवतं. कोणी बघितलं नव्हतं.

माझी सुट्टी संपली. मामी स्टेशनवर सोडायला आली आणि गाडी हलेपर्यंत फलाटावरची माणसं बघत राहिली.

आता पुण्यात आहे. कामावर पाटी केली की आधी ती लांबून एखाद्या अनोळखी माणसाला दाखवते. वाचता येते का, हे नंतर विचारते. पहिल्यांदा विचारते, बघून काय वाटलं? साहेबांना ही माझी नवी पद्धत आवडलीय. ती कुठून आली, ते मी सांगितलेलं नाही.

मामा अजून सापडलेला नाही. उन्हात फ्लेक्स टिकत नाही, लाल आणि पिवळा आधी उडतो. परवा मामीचा फोन आला.

"सई, नानाखेड्याचा फीका पडला गं. नवा लावायचा आहे."

"आजच तीच फाईल पाठवते दुकानात."

"तीच नको. त्यात एकाहत्तर वर्षं लिहिलंय. मागच्या मंगळवारी ह्यांचा वाढदिवस झाला ना."

मी फाईल उघडली आणि बहात्तर केलं.