चिंतामणरावांचा शंभरावा पक्षी

आमच्या कांचघर मोहल्ल्यातले चिंतामणराव गद्रे तोफगोळ्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. गोळा एकाने तपासायचा, दुसऱ्याने पुन्हा तपासायचा, दोघांच्या सह्या झाल्या की तो पास. निवृत्तीनंतर गोळे सुटले, सह्या काही सुटल्या नाहीत.

दर रविवारी डुमनाच्या उद्यानात ते पक्षी पाहायला जातात, तेही रजिस्टर घेऊन. पक्ष्याचं नाव, जागा, वेळ आणि दोन सह्या: एक त्यांची, एक बायकोची, म्हणजे शरयूवहिनींची. भर रस्त्यात नाचून गेलेला मोरसुद्धा त्यांनी तीन आठवडे रोखून धरला होता, कारण वहिनी तेव्हा चपलेतला काटा काढत होत्या. चितळांना रजिस्टरात जागाच नाही. ती बिचारी लांबून वहिनींच्या डब्याकडे बघत उभी असतात.

नव्व्याण्णव पक्षी भरले होते. महिनाअखेरीच्या पक्षिमित्रांच्या बैठकीत शंभर दाखवीन, असं चिंतामणराव गावभर सांगून बसले होते. दोन रविवार उरले होते.

जूनच्या त्या सकाळी तलावाकाठच्या वाळक्या पानांत नवरंग उतरला. चिंतामणराव श्वास रोखून उभे. मागे वहिनी सतरंजीवर बसून पोह्यांवर लिंबू पिळत होत्या. यांनी न वळता हाताने खूण केली. वहिनींना वाटलं, लिंबू आणखी हवंय. ते पिळून त्या वर बघतात तोवर नवरंग झुडपात गेला होता.

"आणा इकडे, करते सही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही काय खोटं बोलून राहिले?"

"तू पाहिला का?"

"तुम्ही पाहिला ना."

"मग ती सही माझीच झाली. तुझी कुठे?"

दोघं दोन तास झुडपाकडे बघत बसली. पोहे वानरांनी संपवले.

परतताना स्कूटरवर वहिनींनी सहज विचारलं, कसा होता हो. उभ्या संसारात बायकोच्या एकाही साडीचा रंग न ओळखलेला हा गृहस्थ त्या पंखांचा निळा रंग घर येईपर्यंत सांगत राहिला.

पुढच्या रविवारी नवरंग आला नाही. बैठकीला चिंतामणराव गेलेच नाहीत. रजिस्टर अजून नव्व्याण्णववरच आहे. आता मात्र बुधवारीही जाणं असतं. पहाटे पाचला वहिनी बूट घालून त्यांच्या उशाशी उभ्या राहतात.

"उठा. तो निळा तुम्ही म्हणता तेवढा आहे का, ते मला तपासायचंय."