इल्लेरी की इल्री

आमचं गाव डोंगराच्या माथ्यावर हाय. कानडी मुलखातल्या हुमनाबादकडून वर चढणारा रस्ता जिथं संपतो, तिथं. लातूरकडून लग्न होऊन मी आले तेव्हा घरात पंखा नव्हता. मी तोंड वाकडं केलं, तर मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांब." पाच वाजले आणि खिंडीतून असा वारा सुटला की पदर सावरता सावरता मला हसूच आलं. तेव्हा सगळं गाव रोज वर चढायचं. बायका भाजक्या शेंगा घेऊन खडकावर बसायच्या, रिटायर माणसं वरच्या देवळापर्यंत जाऊन यायची. आमचा सिनेमा म्हणा, बाग म्हणा, सगळं तेच.

ते कधी बिघडलं हे मला सांगता यायचं न्हाई, कारण आम्ही कुणी तिकडं बघितलंच न्हाई. आधी पाचचा वारा सहाला यायला लागला. मग सातला. मग एक दिवसाआड. अंधार पडला तरी खडक बुडाला चटका द्यायचा, म्हणून बायका उठल्या त्या उठल्याच. एका उन्हाळ्यात अंगणातल्या पाण्याच्या मडक्यापाशी चिमणी मरून पडलेली सापडली. मडकं भरलेलं होतं. मी ती उचलून टाकली आणि का कुणास ठाऊक, मालकांना सांगितलं न्हाई. उतारावर प्लॉट पाडणाऱ्यांनी मात्र त्याच साली पाटी लावली, 'थंड हवेचं ठिकाण'. मेल्यांच्या जिभेला हाडच न्हाई!

मालक पोस्टमन होते. जन्मभर आसपासच्या वाड्या पायांनी तुडवलेला माणूस, घरात बसवायचा कसा? त्यांची फिरायची टोळी आठ जणांची होती. कुणी लेकाकडं गेलं, कुणी गुडघे धरून बसलं, कुणी गेलंच. उरले हे एकटे. संध्याकाळची धग सोसेना म्हणून सकाळी जायला लागले. पुण्याहून लेक फोनवर म्हणायचा, "अप्पा, हिकडं या." हे म्हणायचे, "तिथं काय धूर खायला येऊ? माझी हवा हितं हाय." मीसुद्धा त्यांच्याच बाजूची. दोघांनाही तेवढीच मस्ती होती.

आमच्याकडं म्हणतात, शिवरात्रीला थंडी 'शिव शिव' करत निघून जाते. त्याच्या आधी उन्हाळा धरायचाच न्हाई. हे घडलं त्या दिवशी शिवरात्र चार दिवसांवर होती, म्हणून मालकांनी बिनबाह्यांचं स्वेटर अंगात घातलं.

"अवो, कामून घालायलाव ते? मला बसल्या जागी घाम फुटायलाय."

"शिवरात्र झाल्याबिगर स्वेटर काढायचं न्हाई. माझ्या बापानं कधी काढलं न्हाई."

बापाचं नाव आलं की पुढं बोलायची सोय नसते. त्यात पाहुणे आले, चहा झाला, मालकांना फिरायला निघायलाच नऊ वाजले. अकरा झाले तरी पत्ता न्हाई. मोबाइल देव्हाऱ्यापाशी चार्जिंगला. चप्पल अडकवली, पाण्याची बाटली घेतली आणि वर निघाले.

वर चिटपाखरू नव्हतं. फेब्रुवारीतलं ऊन, पण लिंबाच्या सावलीतही डोकं भणभणायलं. घळीच्या पलीकडं तेवढी एक शेळ्या राखणारी म्हातारी दिसली. एका मोठ्या खडकाला लागून उभी, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, एका हातानं घोंगडी वर धरलेली. म्हातारीनं स्वतःपुरती सावली केलीय, असं मला वाटलं.

आता माझी हुशारी ऐका. तीस वर्षांत मी कानडी शिकले, आणि त्याचा मला भारी ताठा. शिवाय हितली रीत अशी की समोरच्याच्या भाषेत बोलावं, त्यात त्याचा मान असतो. म्हणून मी घळीवरून ओरडले, "नम्म मनियवर्न नोडीरेन्री?" म्हणजे आमच्या मालकांना बघितलंव का.

ती ओरडली, "इल्री!"

न्हाई म्हणाली. मी वळले आणि दुसऱ्या अंगाला, देवळाखाली तळं हाय, तिकडं पळत सुटले. मोकळा हात हलवत ती मागून अजून ओरडायलीच होती. बिचारी माझ्यासाठी किती काळजी करायलीय, असं मनात आलं.

तळं आटलेलं होतं, काठावर कुणी नव्हतं. देवळापाशी गेले, देवळामागं गेले, परत तळ्याकडं आले. पाऊण तास गेला. शेवटी घळ उतरून पलीकडं गेले, तर म्हातारी अजून तशीच उभी होती, आणि तिच्या घोंगडीच्या सावलीत, खडकाआड, मालक आडवे पडले होते. अंग चुलीतल्या विटेसारखं तापलेलं, घाम बंद. स्वेटर तिनं काढून टाकलं होतं. जवळचं सगळं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं होतं. घोंगडी सोडली तर ऊन थेट तोंडावर येईल, म्हणून ती जागची हलली न्हाई.

जीपमधून हुमनाबादला नेलं. जीव वाचला. डॉक्टरांनी विचारलं, "किती वेळ उन्हात पडून होते?" उन्हाचा झटका मेंदूपर्यंत गेला होता. मी म्हणलं, माहीत न्हाई.

महिन्यानं म्हातारी घरी आली, ओच्यात चिंचा घेऊन. चांगल्या मराठीत म्हणाली, "अक्का, म्या 'इल्लेरी, इल्लेरी' म्हणून बोंबलायलते. तुम्ही कामून तळ्याकडं पळलाव?"

इल्लेरी म्हणजे हितंच हायत. इल्री म्हणजे न्हाई.

"तुला मराठी येतंय?" मी विचारलं.

"व्हय की. पण तुम्ही कानडीत इच्यारलाव. मग म्या मराठीत कसं बोलू? बरं दिसतंय व्हय?"

मला तिचा राग आला, मग माझाच आला, आणि तिच्यासमोरच मी रडले. मालकांना मात्र सांगितलं न्हाई. त्या चिमणीचं नव्हतं सांगितलं, तसं हेही न्हाई.

मालक आता दाराशी बाजेवर असतात. उजवा पाय उचलत न्हाई, शब्द तुकड्यातुकड्यानं येतात. पुण्याचं नाव काढलं की मान हलवतात आणि डोंगराकडं बोट करतात. संध्याकाळी म्हातारी शेळ्या घेऊन खाली उतरते. हे तिला रोज थांबवतात आणि विचारतात, "गाळी... अदेनव्वा?" वर खिंडीत वारा हाय का?

ती तोंडावरचं फडकं खाली ओढते, एकदा माझ्याकडं बघते, आणि अक्षर न् अक्षर सुटं करून सांगते, "इल्री, अण्णा."

आता मला बरोबर ऐकू येतंय.