माझे निराधारचे पैसे बंद झाले तेव्हा

बापाच्या जमिनीतून स्वतःचं नाव काढून द्यायचं आणि वर पेढे वाटायचे... ही कुठली पद्धत? परवा आमच्या मजल्यावरच्या बाईने भावासाठी हक्कसोडीच्या कागदावर सही केली आणि पेढे घेऊन माझ्या दारात उभी. पेढा मी खाल्ला, पण तिला चार शब्द ऐकवले. असो... नमस्कार मंडळी.

ऐंशी सालानंतरची गोष्ट आहे. भांडुपला टेकडीच्या अंगाला आमची भाड्याची खोली. नवरा वारला होता, पोरं दोन, आणि मी एका खानावळीत चपात्या लाटायचे.

तेव्हा सरकार निराधार बायकांना दर महिन्याला पैसे द्यायला लागलं होतं. मलाही मिळायचे. फार नव्हते, पण खोलीचं भाडं त्यातून सुटायचं... अट एवढीच, बाईच्या नावावर काही असता कामा नये.

वर्षभराने तपासणी आली. गावाला जमीन नाही असा तलाठ्याचा दाखला आणा, म्हणाले. मला कसली काळजी? वडील गेले तेव्हाच माझा भाऊ बाबल्या कागद घेऊन मुंबईला आला होता आणि मी पिठाच्या हातानेच सही ठोकली होती.

भाऊ बहिणीकडे कागद घेऊन येतो तो हक्कसोडीचाच, त्यात विचारायचं काय? माझी शाळा दुसरीपर्यंत... वाचायच्या भानगडीत मी पडलेच नाही.

दाखला पाठव म्हणून बाबल्याला पत्र टाकलं. पंधरा दिवसांनी पाकीट आलं, ते न फोडता मी कचेरीत नेऊन कारकुनाच्या टेबलावर ठेवलं. ऐटीत.

त्याने वाचलं आणि चष्मा काढला. "बाई, हा दाखला नाही. सातबारा आहे. जमिनीवर भावाच्या खाली तुमचं नाव लागलंय... निम्मा वाटा."

"दुसरी कोणी असेल त्या नावाची."

"बापाचं नावही दुसरीचंच का?"

मी कागद ओढून घेतला आणि बापाचं नाव बोटाने शोधलं... आमचंच.

मग तोच हळू आवाजात म्हणाला, "हक्क सोडून द्या ना भावाला. पैसे चालू राहतील, सगळ्या तेच करतात." माणूस वाईट नव्हता. माझं भाडंच वाचवायला बघत होता.

घरी येऊन शेजारणीकडून बाबल्याला दुसरं पत्र लिहून घेतलं. अर्ध्या शिव्या तिने लिहायला नकार दिला... उरलेल्या पुरल्या. आठवड्यात बाबल्या एसटीने हजर.

पाणीसुद्धा न देता मी सुरू झाले. "मेल्या, कसली सही घेतलीस माझी? पोरांच्या तोंडचा घास काढलास!"

"वारसाच्या नोंदीची," तो उंबऱ्यावर बसत म्हणाला. "गो अक्का, तुका सांगून तू ऐकणार होतंस काय? तुका मोठेपणाची हौस. आता सोडूची असात तर सोड, ह्यो बघ कागद."

खरंच कोरा स्टॅम्पपेपर आणला होता त्याने. गावात त्याला लोक येडा म्हणत होते, बहीण मागत नाही आणि हा आपणहून तिचं नाव लावतो म्हणून. त्याच्या बायकोने तर आठ दिवस अबोला धरला होता... हे सगळं तो हसत हसत सांगत होता.

मी कागद उचलला, स्टोव्ह पेटवला आणि त्याच्यासाठी कांदाभजी काढली. भजी त्याच कागदावर ठेवली. सरकारी कागद तेल म्हणून शोषत नाही, हे त्या दिवशी कळलं. भाऊबहीण आणि दोन पोरं, तेलकट हातांनी इतके हसलो की भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन सांगितलं, पैसे बंद करा, मी निराधार नाही. कारकुनाने अर्जावर 'अपात्र' लिहिलं. मी त्याला ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं.

पुढचे चार महिने वाट लागली, खोटं कशाला बोलू. सकाळच्या चपात्या होत्या, त्यात संध्याकाळच्याही धरल्या. मग बाबल्याने माझ्या वाट्याचे ओले काजूगर पाठवले आणि मी पाटी घेऊन बाजारात बसले. गिऱ्हाइकाने विचारलं, कुठून आणलेत? "माझ्या झाडांचे," म्हटलं... आणि भाव थोडा चढाच सांगितला.

बाबल्याचे आभार मी कधी मानले नाहीत, आमच्यात तसलं चालत नव्हतं. आज इथे मानते. त्याने सही घेतली तशी घ्यायला छाती लागते.

आता खाली फक्त भावांनी लिहायचं. बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे की नाही, एवढंच, हो किंवा नाही. भावाची बाजू घेऊन कुठल्याही बहिणीने मध्ये तोंड घालायचं नाही.