कुत्र्याचा वाटा
मोहफुलांचा वास आला की ती सकाळ आठवते. उजाडताना मी झाडाखाली फुलं वेचत होतो आणि माझा कुत्रा टोपलीकडे येणाऱ्या गाईवर भुंकत होता. त्याआधीच्या हिवाळ्यात बायको वारली होती. कुत्र्याला भात लागायचा म्हणून मी चूल पेटवायचो, आणि चूल पेटली म्हणून मीही दोन घास खायचो. रात्री तो पाठीला पाठ लावून निजायचा. त्या दुपारी मी एटापल्लीच्या बाजाराला गेलो आणि परत आलो तर कुत्रा घरी नाही. दिवेलागणीला लहान भाऊ पळसाच्या पानांत रानडुकराचं मटण घेऊन आला. आमच्या गावात पारध झाली की घरटी एक वाटा, आणि ज्याचा कुत्रा पारधीला नेला त्याला एक जास्त. त्यानं दोन वाटे पुढे केले. "भाऊ, हा तुहा, हा कुत्र्याचा." "कुत्रा कुठी हाय?" "डुकरानं पोट फाडलं त्याचं. तिथीच राह्यला." "मले विचारलं काऊन नाई?" "तू देल्ला नसता, म्हणून." हे त्यानं तोंडावर सांगितलं. परक्याच्या हाकेला माझा कुत्रा कधी गेला नाही. हा माझा भाऊ, म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही वाटे त्याच्या दारात ठेवले आणि म्हटलं, "जागा दाखव." तो पुढे, मी कुदळ घेऊन मागे. खड्डा मीच खणला. तो कुत्र्याला उचलायला वाकला तेव्हा म्हटलं, "हात लावू नको त्याले," आणि एकट्यानं उचलून मातीत ठेवला.