व्हिएन्नाहून परत

पुण्याच्या कॉलेजात मी टी.वाय.ला युरोपचा इतिहास शिकवायचे. अठराव्या शतकातला एक पोप माझा हुकमी एक्का. ऑस्ट्रियाचा सम्राट एकामागून एक मठ बंद करत सुटला, तेव्हा हे वयस्क गृहस्थ त्याची समजूत घालायला आल्प्स ओलांडून स्वतः व्हिएन्नाला गेले. सम्राट सामोरा आला, महिनाभर बडदास्त ठेवली आणि शेवटी वाटाण्याच्या अक्षता लावल्या! मी असं काही रंगवायचे की वर्ग खो खो हसायचा. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, परत जाताना त्याला काय वाटलं असेल?"

"परीक्षेला येत नाही ते," मी म्हटलं.

पुढे नवऱ्याच्या नोकरीमागे आयर्लंडमध्ये ल्यूकनला आले. लेक चार वर्षांची झाली आणि शाळेच्या फॉर्मवर बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा रकाना दिसला. शिक्षकांचा पगार सरकार देणार, शाळा मात्र चर्चची, आणि जागा कमी पडल्या की आधी बाप्तिस्मा झालेली मुलं. माझं डोकंच फिरलं. राजांनी पोपला नमवल्याचे धडे मी जन्मभर शिकवले, आणि इथे बघा!

शेजारच्या आयरिश आजी म्हणाल्या, "चार थेंब पाणी गं, मीच नेते तिला. ग्रँड होईल सगळं." मायेनेच म्हणाल्या. नवराही म्हणाला, "टाक ना उरकून." मला जमेना. त्या आजींची ज्यावर एवढी श्रद्धा, ते आपण नुसत्या दाखल्यासाठी करायचं? मला लाज वाटली असती.

म्हणून ठेवणीतली साडी नेसून मुख्याध्यापिकांना भेटायला गेले. त्या दारापर्यंत आल्या, माझा कोट स्वतः टांगला. चहा, बिस्किटं, पुण्याची चौकशी. माझं सगळं बोलणं मान डोलवत ऐकलं. उठताना माझा हात हातात घेऊन म्हणाल्या की लेकीचं नाव प्रतीक्षायादीत आहे, अगदी तळाशी, पण आहे.

फाटकाबाहेर आले आणि तो पोप आठवला. आता त्या मुलीला उत्तर देता आलं असतं. परतताना राग वगैरे काही येत नाही गं, घरी काय सांगायचं एवढंच डोक्यात घोळत राहतं.

लेक रिकामं दप्तर पाठीला अडकवून दारातच उभी होती. "डिड आय गेट इन, आई?"

"बाई खूप छान बोलल्या," मी म्हटलं. "चहासुद्धा दिला."