गवंडी लिहा, मदतनीस नाही

बायांनो, आज लोह्याला आमच्या गवंडीकामाच्या ट्रेनिंगचा शेवटचा दिवस होता. सिमेंट कमी अन् माती जास्त, अशा विटांचं स्वस्त घरकुल बांधायचं शिकवलं. माझी भिंत सरांनी ओळंबा लावून बघितली. पार सरळ निघाली.

मग सर्टिफिकेटं वाटली. मला वाचायला वेळ लागतो, तरी एक एक अक्षर लावून वाचलं. गड्यांच्या कागदावर 'गवंडी' अन् माझ्या कागदावर 'मदतनीस'.

मी म्हणलं, "सर, भिंत मीच बांधली, मग मदत कुणाला केली?"

सर म्हणाले, "मावशी, बाईला गवंडी कसं लिहायचं? गवंडीण लिहू का?"

"गवंडीण म्हंजे गवंड्याची बायको. माझा नवरा रिक्षा चालवतो!"

सगळे हसले. मला हसू आलं न्हाई. वीस वर्षं घमेली उचलली. मदतनीस लिहिलेला कागद दाखवला तर लोक पुन्हा घमेलंच हातात देतील. कागद टेबलावर ठेवला अन् सांगितलं, गवंडी लिहा, तवाच नेते.

रिकाम्या हातानं घरी आले. उद्या परत जाऊन बसणार हाय.

आता तुम्ही सांगा, बाईला गवंडी म्हणायला अन् तिनं बांधलेल्या घरात राहायला तुम्हाला काय अडचण हाय?